दोन-अडीच वर्षांच्या मुलांना खेळातून आणि रोजच्या कामांतून अक्षरांची ओळख कशी करून द्यावी?

प्रश्न – एक आई

माझी मुलगी दोन वर्षे चार महिन्यांची आहे. ती भरपूर बोलते, दोन-तीन शब्दांची वाक्ये करते आणि पुस्तक उलटे धरूनही आपण वाचत असल्यासारखी पाने उलटत बसते. अलीकडे तिला छापलेल्या मजकुराचे कुतूहल वाटू लागले आहे. सदऱ्यावर काही लिहिलेले असले की ती त्यावर बोट ठेवून "हे काय?" असे विचारते, आणि मी वाचून दाखवले की तोच शब्द पुन्हा ऐकण्याचा हट्ट धरते.

घरात भिंतीवर मुळाक्षरांचा तक्ता लावलेला आहे. तिला त्याच्यासमोर बसवून क, ख, ग म्हणून घ्यायला सुरुवात केली, तर ती दोन-तीन अक्षरे मागोमाग म्हणते आणि उठून निघून जाते. सदऱ्यावरच्या अक्षरांबद्दल मात्र ती स्वतः विचारते. या दोन वागण्यांमध्ये काहीतरी महत्त्वाचे दडलेले आहे असे मला वाटते, पण त्याचा उपयोग कसा करून घ्यावा हे नीट उमगत नाही.

माझे प्रश्न असे आहेत. या वयात अक्षरओळख सुरू करणे योग्य आहे का, आणि असल्यास पहिली अक्षरे कोणती निवडावीत? मी दिवसभर नोकरीनिमित्त बाहेर असते, त्यामुळे वेगळा असा "अभ्यासाचा वेळ" काढणे शक्य नाही, आणि काढावा असे मनापासून वाटतही नाही. आंघोळ, कपडे घालणे, आवराआवर, झोपण्यापूर्वीची गोष्ट या नेहमीच्या गोष्टींमध्येच हे कसे गुंफता येईल? ज्यांनी लहान मुलांबरोबर काम केले आहे, त्यांनी सविस्तर लिहिल्यास मी आभारी राहीन.

उत्तर – बालवाडीतील शिक्षिका

आपण जो फरक टिपला आहे, तोच या वयातील अक्षरओळखीचा पाया आहे. सदऱ्यावरची खूण काहीतरी सांगते आहे हे आपल्या मुलीच्या लक्षात आले आहे. छापलेल्या रेषांमधून शब्द निघतो आणि तो दरवेळी तोच निघतो, ही समज एखादे अक्षर ओळखता येण्यापेक्षा कितीतरी मोठी आहे. तक्त्यावरचा 'क' मात्र तिला काहीच सांगत नाही; तो फक्त म्हणायचा असतो. म्हणून या वयात अक्षर नेहमी तिच्या आयुष्यातील एखाद्या माणसाला, वस्तूला किंवा कामाला बांधलेले असावे, असा माझा आग्रह असतो.

सुरुवात करावी का, या प्रश्नाचे उत्तर "होय" असे आहे, पण ती सुरुवात कानापासून व्हावी. अक्षर डोळ्यांसमोर येण्याआधी त्याचा आवाज मुलाच्या कानाला वेगळा ऐकू यायला हवा. आंघोळीच्या वेळी "बा... बादली! बा... बाबा! दोघांची सुरुवात सारखीच होते" असे म्हणणे हा अक्षराचाच धडा आहे, जरी त्यात एकही अक्षर दाखवलेले नसले तरी. कपड्यांच्या घड्या घालताना "मो-ने सुरू होणारे काय आहे? मोजा!" असा खेळ होऊ शकतो. सुरुवातीला प्रश्नही आपणच विचारावा आणि उत्तरही आपणच द्यावे. मूल ऐकता ऐकता एक दिवस मध्येच उत्तर देऊ लागते, आणि त्या दिवसाची घाई करावी लागत नाही.

पहिली अक्षरे निवडताना वर्णमालेचा क्रम बाजूला ठेवावा. 'क' हा पहिला आहे म्हणून सोपा आहे, असे काही नाही. मुलांना सर्वांत आधी ओळखू येते ते बहुधा स्वतःच्या नावाचे पहिले अक्षर. हे अनेक भाषांमधील मुलांच्या बाबतीत दिसून आलेले आहे आणि वर्गातही आम्ही ते सतत पाहतो. त्यामुळे आपल्या मुलीच्या नावाचे पहिले अक्षर घ्यावे. त्याच्या जोडीला 'आ' घ्यावा असे मी सुचवेन, कारण आई, आजी, आजोबा आणि आत्या ही जवळची माणसे त्या एकाच अक्षरात राहतात. एकच खूण इतक्या आवडत्या माणसांच्या नावांत सापडते, हे मुलांना फार मजेचे वाटते. नंतर 'बाबा' मधला 'बा' घ्यावा, आणि तो 'ब' अधिक काना असा फोडून न सांगता अख्खा 'बा' म्हणूनच दाखवावा. काना, मात्रा, वेलांटी ही उकल चार-पाच वर्षांच्या मुलासाठी राखून ठेवावी. विशेषतः पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहिली जाते आणि उच्चार मात्र नंतर होतो, हा प्रकार लहान मुलाला अकारण गोंधळात टाकतो.

दुसरी काळजी आकाराची घ्यावी लागते. देवनागरीत काही जोड्या अगदी थोड्या फरकाने वेगळ्या होतात: घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, प आणि ष, ट आणि ठ. यातील दोन्ही अक्षरे एकाच काळात मुलासमोर आणू नयेत. एक पक्के झाल्यावर बऱ्याच काळाने दुसरे आणावे. सुरुवातीच्या पाच-सहा अक्षरांचे आकार एकमेकांपासून जितके दूर असतील, तितके बरे. आ, ग, म, ट, र ही मला सोयीची वाटतात, पण मुलाच्या जवळच्या नावांतून येणारी अक्षरे त्यांच्याहून नेहमीच वरचढ ठरतात.

आता दिनक्रमाबद्दल. मुलीच्या नावाचे पहिले अक्षर तिच्या वस्तूंवर मोठे आणि ठळक लिहून लावावे: तिचा पेला, तिच्या कपड्यांचा खण, तिची पिशवी. आईच्या खणावर 'आ', बाबांच्या खणावर 'बा'. मग कपडे ठेवायला जाताना "हा सदरा कोणाचा? तुझा. मग तुझे अक्षर कुठे आहे?" हा प्रश्न परीक्षेचा राहत नाही, सदरा खरोखरच योग्य जागी जायचा असतो. अक्षर वाचल्याने एखादे काम पूर्ण होते, हा अनुभव मुलाला रोज मिळावा. आवराआवरीच्या वेळी खेळण्यांच्या टोपल्यांवर चित्र आणि त्याखाली शब्द लावता येतो. सगळे घर मात्र चिठ्ठ्यांनी भरून टाकू नये. दार, खिडकी, भिंत अशा प्रत्येक वस्तूवर तिचे नाव चिकटवले, तर काही दिवसांनी त्या चिठ्ठ्या कोणालाच दिसेनाशा होतात, कारण त्या वाचून कोणाचे काहीच अडत नाही.

एक पद्धत मी मुद्दाम सांगू इच्छिते. एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच वैद्य एदुआर सेगँ यांनी नवीन शब्द शिकवण्याची तीन पायऱ्यांची रीत वापरली आणि पुढे मारिया माँटेसरी यांनी ती आपल्या पद्धतीत आणली. पहिल्या पायरीवर मोठी व्यक्ती नाव सांगते: "हा आ." दुसऱ्या पायरीवर मूल दाखवते: "आ कुठे आहे? आ आजीला देऊन ये. आ उशीखाली लपव." तिसऱ्या पायरीवर मूल स्वतः नाव सांगते: "हे काय आहे?" घरोघरी पहिल्या पायरीवरून थेट तिसऱ्या पायरीवर उडी मारली जाते आणि मूल गप्प झाले की "त्याला येत नाही" असा निष्कर्ष निघतो. खरा खेळ दुसऱ्या पायरीवर आहे आणि दोन-अडीच वर्षांच्या मुलाने तिथेच कितीही काळ रमावे. देणे, आणणे, लपवणे, शोधणे, झाकणे, त्यावर उडी मारणे असे हवे तेवढे प्रकार करता येतात. जमिनीवर खडूने तीन मोठी अक्षरे काढून "आ वर उडी मार" असे म्हटले, की मूल अक्षर ओळखते आणि हालचालीची गरजही भागते. मूल चुकीच्या अक्षरावर उभे राहिले तर "नाही, चुकले" असे म्हणण्याऐवजी "तू म वर उडी मारलीस! आता मी आ वर मारते" असे म्हणावे. त्यातून दोन्ही अक्षरांची नावे पुन्हा एकदा कानावर पडतात आणि खेळ मोडत नाही.

उत्तर – वाचा-उपचारतज्ज्ञ

वरील उत्तरातील "कानापासून सुरुवात" या मुद्द्याला मी थोडे पुढे नेऊ इच्छितो, कारण मराठीच्या बाबतीत त्यात काही बारकावे आहेत.

शब्द तोडून टाळ्या वाजवण्याचा खेळ या वयासाठी उत्तम आहे: पा-णी, टो-पी, गा-डी, आ-जी. एका टाळीला एक तुकडा. परंतु शब्द निवडताना एक पथ्य पाळावे. मराठीत अनेक शब्दांमधला किंवा शब्दाच्या शेवटचा 'अ' लिहिण्यात गृहीत असतो, पण बोलण्यात तो गळून पडतो. 'घर' लिहिताना दोन अक्षरे होतात, पण उच्चारताना एकच तुकडा होतो. 'बादली' लिहिताना तीन अक्षरे, पण तोंडातून येताना 'बाद-ली' असे दोनच तुकडे. मोठी माणसे लिखाण डोळ्यांसमोर ठेवून 'घ-र' अशा दोन टाळ्या वाजवतात आणि मूल एक वाजवते. अशा वेळी मुलाचा कान बरोबर असतो. हा घोळ टाळायचा असेल तर सुरुवातीला असे शब्द घ्यावेत, ज्यांत टाळ्या आणि अक्षरे जुळतात: मामा, काका, पेटी, दोरी, माती.

दुसरा बारकावा च, ज आणि झ यांचा. ही अक्षरे एकच असली तरी मराठीत त्यांचे उच्चार दोन-दोन आहेत. 'चाक' आणि 'चिमणी' यांतील च एकसारखे नाहीत. तसेच 'जाळे' आणि 'जीभ', 'झाड' आणि 'झेंडा'. आवाजावरून वस्तू जुळवण्याच्या खेळात चाक आणि चिमणी एकाच टोपलीत टाकायला सांगितले, तर चांगल्या कानाचे मूल अडखळेल. ही तिन्ही अक्षरे थोडी उशिरा घ्यावीत, एवढेच पुरेसे आहे. ण आणि ळ यांनी मराठीत शब्दाची सुरुवात होत नाही, म्हणूनच तक्त्यांवर 'बाण' आणि 'बाळ' अशी चित्रे द्यावी लागतात. पहिला आवाज ओळखण्याच्या खेळात या दोन अक्षरांना जागाच नाही. ती वर्णमालेत आहेत म्हणून लवकर शिकवलीच पाहिजेत, असे मुळीच नाही.

तिसरी गोष्ट बोबड्या उच्चारांची. दोन-अडीच वर्षांची मुले 'काका' ऐवजी 'ताता' म्हणतात, 'र' चा 'ल' करतात, जोडाक्षरे सोपी करून घेतात. प, ब, म हे ओठांचे आवाज लवकर येतात. र, श, ळ बहुतेक मुलांना उशिरा जमतात. मुलाला 'क' म्हणता येत नसेल, तरी तो ओळखता येत असू शकतो, कारण ऐकण्यातील फरक उच्चारण्यातील फरकाच्या आधी पक्का होतो. मुलाने 'क' कडे बोट दाखवून 'त' म्हटले, तर "हो, क! काकाचा क" असे स्पष्ट उच्चारून पुढे जावे. "नीट म्हण, क म्हण" असा आग्रह धरला की अक्षराचा खेळ उच्चाराच्या कवायतीत बदलतो आणि मूल दोन्हींपासून दूर जाते.

याच ओघात एक गंभीर बाब सांगणे मला आवश्यक वाटते. ती प्रश्नकर्त्या आईसाठी नाही, कारण त्यांची मुलगी वाक्ये करते आहे. पण इतर पालकही हे वाचत असतील. दोन वर्षे पूर्ण झाल्यावरही मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल, हाकेला प्रतिसाद देत नसेल, किंवा आधी येत असलेले शब्द हरवत असतील, तर अक्षरांचा विचार बाजूला ठेवून आधी श्रवणचाचणी आणि बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. काही मुले फार लहान वयात सगळी अक्षरे आणि आकडे ओळखतात, त्यांत तासन्‌तास गुंगून राहतात, पण माणसांशी संवाद मात्र अगदी कमी करतात. अक्षरांवरील प्रभुत्वाच्या कौतुकात संवादाकडे दुर्लक्ष होण्याची शक्यता असते, म्हणून अशा वेळीही तज्ज्ञांना दाखवणे हिताचे असते.

उत्तर – एक वडील

मी या क्षेत्रातील तज्ज्ञ नाही, पण झोपण्यापूर्वीच्या गोष्टीबद्दल थोडे लिहितो, कारण नोकरी करणाऱ्या पालकांच्या हाती तोच वेळ खात्रीने असतो. गोष्ट वाचताना मुले मजकुराकडे पाहत असतील असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात लहान मुलांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपणाऱ्या प्रयोगांत असे दिसले आहे की, वाचून दाखवले जात असताना त्यांची नजर जवळजवळ सगळा वेळ चित्रांवरच असते. पुस्तके वाचून दाखवल्याने भाषा समृद्ध होते, यात शंका नाही. पण अक्षरांकडे लक्ष आपोआप जात नाही, ते हळूच वळवावे लागते.

त्यासाठी मी करतो ते फार थोडे आहे. पुस्तकाचे नाव वाचताना त्याखालून डावीकडून उजवीकडे बोट फिरवतो. गोष्टीत एखादा शब्द मोठ्या टायपात छापला असेल, उदाहरणार्थ कोणी "धाडकन" पडले असेल, तर त्या शब्दावर बोट ठेवून मोठ्या आवाजात वाचतो. ओळखीचे अक्षर आले तर एखाद्या वेळी "अरे, हे तर तुझे अक्षर!" असे म्हणतो. एका पुस्तकात हे एक-दोनदाच करावे असे माझे ठाम मत आहे, कारण प्रत्येक पानावर थांबून अक्षरे शोधायला लावली तर गोष्टीचा रस जातो, आणि गोष्ट हरवली की पुस्तकही नकोसे होते. तेच पुस्तक पुन्हा पुन्हा वाचण्याचा मुलांचा हट्ट मात्र आनंदाने पुरवावा. पुढे काय येणार हे पाठ झाल्यावरच त्यांची नजर चित्रावरून शब्दाकडे सरकायला मोकळी होते.

खेळण्यांबाबत सुरक्षिततेचा एक मुद्दा राहून जायला नको. लोहचुंबकाची छोटी अक्षरे तीन वर्षांखालील मुलांच्या हाती देऊ नयेत. सुमारे ३.२ सेंटिमीटर व्यासाच्या नळीत पूर्ण मावेल अशी कोणतीही वस्तू या वयात घशात अडकण्याचा धोका असतो. निखळलेले चुंबक त्याहून घातक असतात, कारण एकापेक्षा अधिक गिळले गेल्यास ते आतड्याच्या पदरांना मध्ये धरून एकमेकांना चिकटतात आणि आतड्याला भोक पडू शकते. जाड पुठ्ठ्यातून तळहाताएवढी अक्षरे कापून घेतली, तर ती खेळायला पुरेशी होतात.

प्रश्नकर्त्या आईची पुढील विचारणा

सर्वांचे मनापासून आभार. नावाचे अक्षर आणि 'आ' तिच्या खणांवर लावायला मी लगेच सुरुवात करते.

दोन शंका उरतात. घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे आहे की, अक्षर गिरवल्याशिवाय पक्के होत नाही, म्हणून आतापासूनच पाटी-पेन्सिल हाती द्यावी. त्यांचा अनुभव मोठा आहे, आणि त्यांचे म्हणणे सरळ खोडून काढावे असे मला वाटत नाही. दुसरी शंका मोबाईलवरील अक्षरांच्या गाण्यांबद्दल आणि खेळांबद्दल आहे. तिच्या वयाच्या अनेक मुलांना त्यांतून सगळी मुळाक्षरे म्हणता येतात असे दिसते. त्याचबरोबर इंग्रजी अक्षरे केव्हा आणावीत, हेही कोणी सांगितले तर बरे होईल.

उत्तर – बालवाडीतील शिक्षिका

वडीलधाऱ्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. हाताने काढलेले अक्षर नुसत्या पाहिलेल्या अक्षरापेक्षा अधिक चांगले ओळखू येते, हे शाळापूर्व वयाच्या मुलांवर झालेल्या प्रयोगांतही आढळले आहे. प्रश्न फक्त हाताच्या तयारीचा आहे. अडीच वर्षांचे मूल खडू मुठीत धरते आणि खांद्यापासून हात हलवून रेघोट्या मारते. तीन बोटांची पकड बहुधा चार वर्षांच्या आसपास स्थिरावते. अशा हाताला दुरेघी वहीत गिरवायला लावले तर तो आखडतो. पण गिरवणे म्हणजे केवळ पाटी असे कोठे आहे? १९०७ साली रोममध्ये आपली पहिली बालशाळा सुरू करणाऱ्या माँटेसरींनी खरखरीत कागदाची अक्षरे पुठ्ठ्यावर चिकटवून मुलांना ती बोटांनी चाचपायला दिली, ती याच विचाराने. घरी पॉलिश कागदातून कापलेले मोठे 'आ' पुठ्ठ्यावर चिकटवावे आणि मुलीने तर्जनी व मधले बोट त्यावरून फिरवताना तोंडाने "आ" म्हणावे. स्पर्श, नजर आणि आवाज एकाच वेळी एकत्र येतात.

ताटात पसरलेली बारीक वाळू, आंघोळीच्या वेळी भिंतीवर पाण्यात बुडवलेला जाड ब्रश, पाठीवर बोटाने काढलेले अक्षर हे सगळे गिरवणेच आहे. पाण्याने भिंतीवर काढलेले अक्षर वाळून नाहीसे होते, आणि तेवढ्यासाठीसुद्धा मुले ते पुन्हा पुन्हा काढतात. वडीलधाऱ्यांनाच या खेळांत सामील करून घ्यावे असे मी आवर्जून सुचवेन. त्यांना अक्षराचे वळण ठाऊक असते आणि वेळही बहुधा तुमच्यापेक्षा अधिक असतो. एवढेच ठरवून घ्यावे की, मुलीने काढलेले अक्षर पुसून "असे नाही, असे" करायचे नाही. उलटी, आरशातल्यासारखी अक्षरे काढणे सहा-सात वर्षांपर्यंत अगदी सामान्य आहे. पेला डावीकडे वळवला काय किंवा उजवीकडे, तो पेलाच राहतो, असे जगाने मुलाला शिकवलेले असते. अक्षरांच्या बाबतीत दिशा महत्त्वाची असते हे त्याला नव्याने शिकावे लागते, आणि त्याला वेळ लागतो.

मोबाईलबाबत माझे मत स्पष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांचा पडद्यासमोर बसण्याचा वेळ दिवसाला एका तासाहून अधिक नसावा आणि तो जितका कमी तितका चांगला. या वयाची मुले पडद्यापेक्षा समोरच्या जिवंत माणसाकडून अधिक सहज शिकतात. शिवाय मुळाक्षरांचे गाणे पाठ म्हणता येणे आणि अक्षर ओळखता येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. गाणे म्हणणाऱ्या मुलाला मधलेच एखादे अक्षर दाखवले, की तो बऱ्याचदा सुरुवातीपासून गाऊ लागतो. गाणे आवडत असेल तर ते तुम्ही स्वतः म्हणा, तिला कडेवर घेऊन म्हणा. पडदा लागत नाही.

इंग्रजीबद्दल थोडक्यात. मुलांना दोन लिप्या पेलतात. इंग्रजी अक्षर समोर आले आणि तिने विचारले, तर जरूर सांगावे. मात्र पद्धतशीर सुरुवात घरात बोलल्या जाणाऱ्या भाषेच्या अक्षरांनी करावी, कारण त्या आवाजांचे शब्द तिच्याकडे आधीच आहेत. देवनागरीत आणखी एक सोय आहे. इथे अक्षराचे नाव आणि त्याचा आवाज बहुतेक ठिकाणी एकच असतो. 'म' चे नाव 'म' आणि शब्दातला आवाजही तोच. इंग्रजीत 'डब्ल्यू' हे नाव ऐकून त्या अक्षराचा आवाज कोणता, याचा अंदाजसुद्धा येत नाही.

उत्तर – निवृत्त शिक्षक

बहुतेक मुद्द्यांशी मी सहमत आहे, पण वर्णमालेचा क्रम पूर्णपणे बाजूला ठेवण्याच्या सूचनेशी नाही. अक्षरओळखीसाठी तो क्रम उपयोगाचा नाही, हे मान्य. परंतु आपली वर्णमाला ही अनेक लिप्यांतील अक्षरक्रमांसारखी केवळ परंपरेने चालत आलेली यादी नाही. ती तोंडातील जागांनुसार रचलेली आहे. क-वर्ग कंठाजवळ, च-वर्ग टाळूपाशी, ट-वर्ग त्यापुढे मूर्ध्यापाशी जीभ वळवून, त-वर्ग दातांपाशी आणि प-वर्ग ओठांवर. घशापासून ओठांपर्यंतचा हा प्रवास लहान मुलालाही अनुभवता येतो आणि तो उत्तम खेळ होतो.

आरशासमोर मुलाला घेऊन बसावे आणि "प, फ, ब, भ, म" म्हणून दाखवावे: ओठ दर वेळी मिटतात. मग "क, ख, ग, घ" म्हणावे: ओठ उघडेच राहतात. ओठांसमोर तळहात धरून 'प' आणि 'फ' म्हटले, तर 'फ' ला हातावर वाऱ्याचा झोत अधिक जाणवतो. नाक चिमटीत धरून 'म' लांबवण्याचा प्रयत्न केला, की आवाज कोंडतो. मुले खदखदून हसतात आणि पुन्हा करून पाहतात. यात लिहिलेले अक्षर दाखवण्याची गरज नाही. आवाज कोठून येतो याचे भान येणे हाच यातील लाभ आहे. पुढे चार-साडेचार वर्षांच्या वयात तीच ओळ तक्त्यावर समोर आली, की ती निर्जीव घोकंपट्टी राहत नाही, कारण तोंडाने ती वाट आधीच चाललेली असते.

तक्ता भिंतीवरून काढून टाकू नये, अशी माझी प्रश्नकर्त्या ताईंना विनंती आहे. तो मुलीच्या डोळ्यांच्या उंचीवर आणावा आणि पाठ म्हणून घेण्यासाठी न वापरता शोधाशोधीसाठी वापरावा: खणावरचे 'आ' तक्त्यावर कुठे लपले आहे, बाबांच्या 'बा' सारखे दिसणारे तिथे काही आहे का? 'ब' आणि 'बा' यांच्यातील काना तिने स्वतः दाखवला, तर तेवढ्यापुरते "हो, इथे एक दांडी जास्त आहे" असे सांगून थांबावे. तिने दाखवला नाही, तर आपणही दाखवू नये.